कालची शाई

हनुवटीवरच्या तिळापाशी कागद फुगला आहे — तांदळाच्या दाण्याएवढा, जास्त नाही — आणि पेइलानचं बोट त्या फुगवट्यावर न टेकता वरच्या वर तरंगत राहिलं आहे. म्हणजे इथे चिकटलेलं नाही. म्हणजे इथून आत शिरता येईल. तसबिरीतल्या अध्यक्षांचा तीळ, अध्यक्षांची गुलाबी हनुवटी, आणि त्यामागे मांड्यासारखा पातळ एक कागद... त्या कागदावर बाबा. छातीत कुणीतरी एका पायावर उड्या मारतंय, थांबतच नाही, आणि वय तर बावन्न.

"भुकेलं मांजर माशाकडे बघतं तशी बघतेयस," शेन मास्तर म्हणाले. "काही खाल्लंस का सकाळी?"

"सोयाबीनचं दूध प्याले."

"नुसतं दूध! मग हात थरथरणारच. आणि फाटलं की सगळीकडे सांगशील, म्हाताऱ्यानं फाडलं."

म्हाताऱ्याला एकोणऐंशी पूर्ण. सूचौला बाराव्या वर्षी खळीत घातलेला हात त्यांनी अजून बाहेर काढलेला नाही. फ्लशिंगमधल्या औषधी मुळ्यांच्या दुकानामागे ही एवढीशी खोली आणि खोलीभर लाल लाखेचं टेबल — आधी टेबल ठेवून मग भोवती भिंती बांधल्यासारखं. जुन्या चित्राचं अस्तर सोडवून नवं लावणारा सबंध न्यूयॉर्कात हा एकच हात तिला ठाऊक होता. म्हणून धाकट्या बहिणीनं, रुइनं, मायदेशातल्या हूचौहून पाठवलेली गुंडाळी ती आज छातीशी धरून इथे घेऊन आली होती; वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत वळली, रोजचा रस्ता असून.

आईनं केलं ते तसं साधंच होतं. सहासष्ट सालचा ऑगस्ट. दंडाला लाल फिती बांधलेली पोरं घराघरांतून जुनी चित्रं, जुनी पुस्तकं ओढून काढून गल्लीत जाळत होती. आईनं बाबांचं शेवटचं चित्र अध्यक्षांच्या छापील तसबिरीमागे लपवलं, मागून वर्तमानपत्रांचे तीन थर दिले, चारही कडा खळीनं चिकटवल्या आणि तसबीर दारासमोरच्या भिंतीवर लावली. त्या चेहऱ्याला बोट लावायची कुणाची छाती होती! पोरं आली, ट्रंका उपसल्या, कुंचले मोडले, आणि जाताना तसबिरीला वाकून गेली — बाबांच्या चित्राला वाकून गेली! हे सांगताना आई तोंडावर हात धरून हसायची. पुढे चाळीस उन्हाळ्यांची ओल कागदात मुरली, पुढचं-मागचं एकजीव झालं, आणि आई असेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. आई या वसंतात गेली.

आता पाण्यावाचून ते सुटणार नव्हतं.

खालच्या कोपऱ्यात उंदरानं वर्तमानपत्र कुरतडलं होतं. तिथे बाबांच्या कागदाचं टोक, टोकावर शाईचा एक फराटा. मास्तरांनी पांढऱ्या कागदाचा ओला कपटा त्यावर ठेवला, अंगठ्यानं दाबला, ओठ हलवत वीसपर्यंत मोजलं आणि उचलला.

कपटा राखाडी झाला होता. काळा नाही, पांढरा नाही. राखाडी.

"हं," मास्तर म्हणाले. "वडील शाई कुठली वापरायचे? बाटलीतली?"

"बाटलीतल्या शाईनं बाबा वाण्याची यादीसुद्धा लिहीत नसत. कांडी उगाळून. रोज ताजी."

"ताज्या शाईतला सरस कागदाला धरून बसतो, पोरी. शंभर वर्षं पाण्यात ठेव, हलायची नाही. ही रात्रभर दगडावर राहिलेली वाटते. सरस मेला की उरते नुसती काजळी — पाणी दिसलं की निघाली आपली फिरायला!" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं, "उंदराची घाणही असेल. मी काय सर्वज्ञ आहे? शाई उगाळायचं कोण?"

पेइलाननं राखाडी कपटा उलटा करून ठेवला.

मी. मी उगाळायचे. शाळेआधी, खिडकीखालच्या स्टुलावर गुडघे टेकून, दगडावर चमचाभर पाणी, कांडी उभी, आणि गोल... गोल... जोर किती, तर झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवतात तेवढाच. आणि ओठांत माझं मीच जुळवलेलं काहीबाही —

फिर गं कांडी, फिर गं गोल,
तळ्यात बदकं, पाणी खोल;
रात उगाळ, दीस उगाळ,
बाबांच्या डोंगरा काळोख घाल...

तीनशे फेरे. तीनशे झाले की पाण्यावर साय धरल्यासारखी चमक यायची. अकरा वर्षांची होते, तीनशे म्हणजे किती असतात! आणि त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजत होते. लाल निशाणं, झांजा, वरच्या वर्गातल्या मुली कमरेला पट्टे बांधून, सगळं गाव जत्रेला निघाल्यासारखं — आणि मला जायचं होतं, किती जायचं होतं! दगडावर कालची शाई होती, कडेला सुकून भेगाळलेली. मी तिच्यावर पाणी ओतलं, दहा फेरे, पंधरा... "झाली हं बाबा!" आणि धूम ठोकली. बाबांनी शेवटचं चित्र काढलं त्याच दिवशी हे झालं का? की आदल्या आठवड्यात, आणि मी ते उचलून त्या दिवसावर ठेवलं? एकेचाळीस वर्षं मी तो दिवस इतका उगाळला आहे, की त्यात आता काल कुठला आणि आज कुठला...

त्या दिवशी बाबांनी काढलं ते त्यांचं शेवटचं चित्र. तिनं ते पाहिलंच नाही. ती परतेपर्यंत आईनं वर्तमानपत्रं कापायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी बाबांना नेलं, उत्तरेकडच्या खाऱ्या रानातल्या छावणीत, आणि तिथून एक पत्र आलं. मग तेही नाही.

त्यानंतर तिनं कांडीला हात लावला नाही. सतराव्या वर्षी कारखान्याच्या भिंतीवर चौकटी आखून तिनं हाच चेहरा दुमजली उंचीचा काढला — हात चांगला होता, आणि बापाच्या नावाचा डाग पुसायला दुसरं फडकं नव्हतं. गाल असे गुलाबी करायची की लोक म्हणत, आतून दिवा लावलाय. तो दिवा मग विझेचना. न्यूयॉर्कला आल्यावर फुटपाथवर घडीच्या खुर्चीवर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे काढायची, आणि एकदा एक आजारी पोलिश बाई चित्राकडे बघून रडायलाच लागली, की इतकी बरी मी कधीच नव्हते...

खिशातला फोन वाजला. हूचौला आता रात्र असणार.

"ताई, सोडवलंस?"

"अजून नाही. रुइ, शाई कदाचित टिकणार नाही. पाणी लागलं की..."

"मग नको सोडवूस! नाहीतर... थांब. आई म्हणायची, ताई आली की बघेल. पण तू आलीसच कुठे! मला सांगू नकोस काय होतंय ते." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "नाही, सांग. लगेच सांग. मी झोपत नाहीये."

"झोप गं, रुइ."

"तू झोपली असतीस?"

मास्तरांनी पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं, पण कुंचला हातात घेतला नाही. "माझं ऐकशील? अशीच टांग भिंतीवर. आत आहे हे तुला माहीत आहे ना? तेवढं पुष्कळ झालं. वाफ देऊन बघितली असती, पण एवढी जुनी खळ वाफेला दाद देत नाही."

"शिळी शाई चित्रकाराला कळते का, मास्तर? काढताना?"

"कळते का म्हणजे!" म्हातारा जवळजवळ रागावला. "कुंचला बुडवायच्या आधी कळते. नासक्या सरसाचा वास येतो, ओल्या खुरांसारखा. आंधळ्यालासुद्धा कळेल. का?"

वास... बाबा रोज मागून यायचे, दगडावर वाकायचे, डोळे मिटून वास घ्यायचे — भाताचं झाकण काढल्यावर घेतात तसा. चार फेरे कमी पडले तरी हाक यायची: पेइलान, इकडे ये, तुझे चार फेरे राहिले. आणि त्या दिवशी हाक आली नाही. ढोलांत ऐकू आली नाही? नाही, बाबांची हाक गल्लीच्या टोकापर्यंत पोचायची. ते वाकले असतील, वास घेतला असेल, खिडकीतून माझ्या उडणाऱ्या वेण्या बघितल्या असतील... आणि मला जाऊ दिलं. मग कुंचला बुडवला. हे चित्र पाणी सोसणार नाही, म्हणजे याला कधी ओल्या खळीचं अस्तर लागणार नाही, हे टिकणार नाही — सगळं माहीत असताना बुडवला! जपण्याचं सगळं जळत होतं तेव्हा त्या माणसानं न टिकणाऱ्या शाईनं काय काढलं असेल? कसा फिरला असेल हात, इतका मोकळा... की रागानं? की तो हसत होता?

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्या कागदाकडे निकाल ऐकायला उभी होती — केलंस की नाही केलंस. आणि कागदाला त्याचं काहीच नव्हतं.

"बोल बाई. गुंडाळून देऊ?"

"पाणी कोमट करा," पेइलान म्हणाली. "आणि कुंचला माझ्याकडे द्या."

"वाहून गेलं तर माझ्या नावानं रडायचं नाही."

"वाहताना बघेन."

मास्तरांनी तिच्याकडे तिरकं बघितलं, काहीतरी पुटपुटले, आणि रुंद, मऊ कुंचला तिच्या हातात दिला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पाणी पसरू लागलं. गुलाबी रंग आधी गडद झाला, मग पारदर्शक, आणि खालून काळं काहीतरी हळूहळू वर येऊ लागलं — हलत होतं की नुसतं जवळ येत होतं, सांगता येईना. मास्तर श्वास धरून होते. तिचा मात्र भरभरून चालला होता. हात स्थिर होता. चवड्यांवर उंच होऊन, टेबलाच्या कडेला पोट टेकवून ती वाकली. काही संपतंय असं तिला वाटतच नव्हतं. आता बाबा सुरुवात करतील, पहिला फटकारा कुठून येतो ते बघायचं, आणि आज तिला कुठेही जायचं नव्हतं.