मोराचा होकार

"बोलला! मोर बोलला!"

उत्तरेतल्या पंचगंगा घाटावरच्या एका मठात एकच कल्लोळ उठला. चौरंगावर मयूरी होती, मोराच्या आकाराचं, गजानं म्हणजे केसांच्या कमानीनं वाजवायचं दुर्मीळ वाद्य. गज दूर कोपऱ्यात पडलेला, कुणाचा हात लागलेला नाही, तरी तारा गुणगुणत होत्या. समोरच्या माईकमधून तो झंकार पार पायऱ्यांपर्यंत गेला. बाया डोळे पुसू लागल्या.

"डॉक्टर झूठ बोलता है, मास्टर झूठ बोलता है," मयूरानंद महाराज गरजले, "सरस्वती का वाहन कभी झूठ नहीं बोलता!"

मागे खांबाआड वेणीमाधव उभा होता. ब्रह्मा घाटावर त्याचं जुन्या तंतुवाद्यांचं दुकान. ही मयूरी त्यानंच कुणा संस्थानिकाच्या अडगळीतून आणून, नवं कातडं मढवून, चोच सांधून महाराजांना विकली होती. महाराजांनी एकच मागणी केली होती, "नीचे के सारे तार एक ही सुर में मिला दीजिए." वाजवणारा असं कधीच मागत नाही. पण वेणीमाधवनं कारण विचारलं नाही.

मोर पहिल्यांदा 'बोलला' तेव्हाच तो काय ते समजला होता. पण त्याच दिवसापासून लोक त्याला 'मोर को कंठ देनेवाले पंडितजी' म्हणून वाकून नमस्कार करू लागले. दुकानात माणूस मावेना. लोकांची श्रद्धा आपण कशाला मोडायची, असं म्हणून तो गप्प राहिला.

आज पुढे आली ती त्याची थोरली बहीण, प्रभावती. लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिन टोचून घ्यायची.

महाराजांनी आळवलं, "सुई चालू रखें?" मोर गप्प. मग सूर चढवून, "सुई बंद करें?" मोर झंकारला, म्हणजे होकार.

"वेणू, सुटले रे!" अक्का त्याच्या गळ्यात पडली. "तुझ्याच हातचा मोर!"

खरं काय ते त्याच्या ओठावर आलं होतं. पण भोवती लोक त्याच्या पाया पडत होते. तो नुसता हसला.

सुई बंद करून आठवडाही उलटला नाही आणि अक्का बेशुद्ध पडली. तिची मुलगी अवनी मिर्झापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती धावत आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिनं मामाला विचारलं, "महाराजांनी नेमकं काय विचारलं? तसंच म्हणून दाखव."

त्यानं मान खाली घालून दोन्ही प्रश्न गाऊन दाखवले.

"सूर वेगळे आहेत, मामा."



दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन मठात गेली. "महाराज, मी विचारू?"

"पूछो बेटी. पर पापी को मोर जवाब नहीं देता."

अवनीनं तोच चढा सूर लावला, "सुई चालू रखें?" मोर झंकारला. लोक एकमेकांकडे बघू लागले. तिनं तोच सूर धरून पुन्हा विचारलं, "महाराज झूठे हैं?"

मोरानं पुन्हा होकार दिला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पाखंड! जादू-टोना!" महाराज ओरडले.

"मामा, आता तू सांग."

वेणीमाधव पुढे झाला. त्यानं मयूरीच्या तारांवर तळवा ठेवला. अवनीनं पुन्हा सूर लावला, पण मोर मुकाच राहिला. मग वेणीमाधव सगळ्यांना समजेल अशा हिंदीत बोलू लागला: या खालच्या तारांना तरफ म्हणतात. जवळ त्यांचाच सूर निघाला की हवेतून धक्का बसून त्या आपोआप थरथरतात, दुसऱ्या सुराला हलत नाहीत. महाराजांना जे उत्तर हवं, तो प्रश्न ते या सुरात गातात. यात देव नाही, पाप-पुण्य नाही. तरफ असलेल्या कुठल्याही सतारीत हेच होतं.

"आपको कब से मालूम था?" एका म्हाताऱ्या नावाड्यानं विचारलं.

"पहले दिन से."

त्याला कुणी शिवी दिली नाही. ज्या बायका कालपर्यंत पाया पडत होत्या, त्या पदर आवरून त्याच्यापासून बाजूला सरकल्या. महाराज रातोरात पसार झाले.

अक्का शुद्धीवर आली, पण एक डोळा अधू झाला तो झालाच. तिनं भावाला एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं ना रे?" तो तिच्या पायाशी बसून राहिला. तिनं हात पुढे केला नाही आणि त्यानंही मागितला नाही.

मंडळी, एखादी तार आपोआप वाजली तर खुशाल ऐका. पण हात जोडण्याआधी ती कशी वाजली, एवढं विचारा. विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानं ते तेव्हाच सांगावं, दुसऱ्याची अक्का बेशुद्ध पडायच्या आत.