आजोबांचं आजोबांशी साम्य

त्या सकाळी घरात चार माणसं होती: आजोबा, आई, मामा आणि ती, म्हणजे आजोबांची नात. बोलण्याआधी आजोबांसारखं खोकणारे त्यांत तीन होते. कुठल्याही खुर्चीत बसण्यापूर्वी ती आजोबांसारखी गदागदा हलवून बघणारे दोन, आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा करून आजोबांसारखं ‘गार नाही’ म्हणणारे पुन्हा तीन. या तिन्ही मोजण्यांत आजोबा स्वतः कुठेच नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून ते खिडकीशी गप्प बसले होते, आणि घाईत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

घाई व्हिसाची होती. आजोबा, म्हणजे आईचे वडील, समुद्रापलीकडच्या एका देशात जन्मले होते आणि बोलायला यायच्या आतच आपल्या आईच्या कडेवर बसून इकडे आले होते. त्या देशाचा नियम असा, की ज्याचे आजोबा किंवा आजी तिथे जन्मली, त्याने खुशाल येऊन राहावं. फक्त नातं सिद्ध करावं. आजोबांच्या जन्माची नोंद ज्या कचेरीत होती तिथे एकदा नदीचं पाणी शिरलं आणि दप्तराचा लगदा झाला. पण तो देश मोठा व्यवस्थित. लगदा झालेल्यांसाठी त्याच्याकडे वेगळी सोय होती: सादृश्य परीक्षा. मूळपुरुषाच्या वीस सवयी घरच्यांनी शपथेवर कळवायच्या, मग मूळपुरुषाने आणि वंशजाने एका खोलीत बसायचं, आणि कोणात किती सवयी दिसतात ते सरकारने मोजायचं. वंशजात चौदा दिसल्या की रक्त एकच. खाण तशी माती, एवढं साधं तत्त्व.

तिला हे तत्त्व पटलं होतं. ती वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानदारांची वजनं प्रमाण वजनाशी ताडून बघायची आणि खोटं निघालं की बाजूला काढायचं, हे तिचं रोजचं काम. म्हणून आजोबा तिला मिलिग्रॅम म्हणत. तिकडच्या एका मापनसंस्थेत तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली होती. त्या संस्थेत असा तराजू होता, की कागदावर नुसतं टिंब दिलं तरी त्या टिंबाच्या शाईचं वजन सांगायचा. त्याचा फोटो तिने उशाशी लावला होता, एखादीने नवऱ्याचा लावावा तसा. महिनाअखेर ती पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. परीक्षेची संधी दोनदाच, आणि तीही एकाच दिवशी, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

तयारी मामाने करून घेतली होती. मामा मोटार चालवायला शिकवायचा, आणि त्याला दुसरी कुठली शिकवण्याची पद्धत ठाऊक नव्हती.

“खोकला एकदम सोडू नकोस,” तो सांगायचा. “आधी अर्धा क्लच. घसा गरम होऊ दे. हां, आता सोड. आता लगेच ‘तसं नाही’ म्हण.”

‘तसं नाही’ ही सवय क्रमांक दोन होती. आजोबांना समोरच्याचं शंभर टक्के पटलेलं असलं, तरी त्यांचं वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे दार बंद झालं की मान वाकडी करून ऐकणं, बटण दोनदा दाबणं, भिंतीवर टकटक करणं, लावलेली प्रत्येक सूचना मोठ्याने वाचून तिच्यातली चूक काढणं, या सवयीही यादीत होत्या. दोन महिने घरात या सगळ्याचा सराव चालला. आई स्वयंपाकघरातून ऐकता ऐकता आपसूक शिकली. तिला मात्र परीक्षेला न्यायचं नाही असं ठरलं. ती आजोबांची सख्खी मुलगी; खोलीत शिरताच सगळे गुण तीच घेऊन बसायची, अशी मामाला भीती होती.

व्हिसा कार्यालयाच्या बाकांवर इतरही उमेदवार होते. एक जाडजूड गृहस्थ आपल्या आजीसारखे विणत बसले होते आणि आजी शेजारून टाके मोजत होती. दोन जुळे भाऊ एकाच पणजोबांसारखे रुसले होते. आतून नाव पुकारलं गेलं, तसा मामा म्हणाला, “जा. गिअर सांभाळ.”

खोलीत एक अधिकारीबाई होत्या आणि त्यांच्या बाजूला एक कारकून. कारकुनाच्या दोन्ही हातांत माणसं मोजायचं असतं तसलं खटक्याचं यंत्र होतं: उजव्यात मूळपुरुषाचं, डाव्यात वंशजाचं. सवय दिसली की खटका दाबायचा, टक. प्रत्येक सवय एकदाच धरायची.

ती खोकली. टक. खुर्ची हलवून बघितली. टक. “बसा,” अधिकारीबाई म्हणाल्या, आणि ती म्हणाली, “तसं नाही, बसते की.” टक. दार लागलं तशी तिने मान वाकडी केली, भिंतीवर टकटक केलं, दिव्याचं बटण दोनदा दाबलं, नियमांचा फलक मोठ्याने वाचला आणि त्यातला चौथा नियम पहिल्याच्या विरुद्ध आहे असं दाखवून दिलं. पाणी आलं, ते एका दमात प्यायली आणि गार नाही म्हणाली. तीन शिंका देऊन ‘झालं’ म्हणणं हे सर्वांत अवघड होतं, कारण शिंका खऱ्या लागत. मामाने त्यासाठी तपकीर दिली होती. कारकुनाचा डावा अंगठा थकला.

उजवा अंगठा मात्र एखाद्या बारीकशा, नकळत झालेल्या सवयीपुरताच हलत होता.

“आजोबा, प्रवास कसा झाला?” अधिकारीबाईंनी विचारलं.

“छान,” आजोबा म्हणाले.

तिने चमकून बघितलं. आजोबांनी आयुष्यात कशाला छान म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

“खुर्ची ठीक आहे?”

“उत्तम. आभारी आहे.”

“पाणी?”

“आपण द्याल तसं, साहेब.”

ते दोन घोटांत, ओठांना पेला न लावता, अगदी सभ्यपणे पाणी प्यायले आणि पेला जागच्या जागी ठेवला. नियमांच्या फलकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

अधिकारीबाईंनी दोन्ही यंत्रं टेबलावर घेतली. “वंशज: वीसपैकी एकोणीस. मूळपुरुष: वीसपैकी आठ.” त्यांनी चष्मा पुसला. “अडचण आहे. यांचं स्वतःशी साम्य चाळीस टक्केच आहे.”

“पण माझं पंच्याण्णव आहे,” ती म्हणाली.

“तेच तर. नियमाप्रमाणे ज्याचं साम्य जास्त तो मूळपुरुष. म्हणजे तुम्ही.”

“मी सत्तावीस वर्षांची आहे.”

“वय दुसऱ्या खिडकीवर बघतात. इथे फक्त साम्य.”

“आणि मी बाई आहे.”

“मूळपुरुष बाई असली तरी चालते. पण मूळपुरुषाला वंशज म्हणून अर्ज करता येत नाही. स्वतःची नात व्हायचं म्हटलं तर आधी मूल लागतं.” बाई हे समजावणीच्या सुरात, मनापासून सांगत होत्या.

“मग हे कोण?” तिने आजोबांकडे बोट केलं.

बाईंनी तक्ता बघितला. “वंशज व्हायला सत्तर लागतात. पन्नासला दूरचे नातेवाईक. चाळीस म्हणजे सोबत आलेले गृहस्थ.”

“बरोबर आहे,” आजोबा नम्रपणे म्हणाले. कारकुनाने उजवा अंगठा उचलला, विचार केला आणि परत खाली ठेवला.

बाहेर मामा कपाळाला हात लावून बसला. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” तो म्हणाला. “बाबा, तुमची नेमकी आज सकाळी गेली? जन्मात एकदा शहाण्यासारखं वागलात, तेही इथे?”

“तू जरा चहा घेऊन ये,” ती मामाला म्हणाली. मामा गेला. समोरच्या गृहस्थांचा टाका चुकला होता आणि आजी त्यांना पुन्हा पहिल्यापासून विणायला लावत होती.

“आजोबा, असं का वागलात?”

“कसं?”

“चांगलं.”

आजोबांनी शर्टाची बाही नीट केली. “दोन महिने मी बघतोय. खोकायला जावं तर तुम्ही तिघं आधीच खोकलेले असता. ‘गार नाही’ म्हणायला तोंड उघडावं, तर आतून तुझी आई म्हणते. मग वाटतं, झालं की आपलं. आता कशाला उगीच वर आपण.”

“म्हणजे मुद्दाम नाही केलंत?”

“अर्धं मुद्दाम.” त्यांनी दुसरी बाही नीट केली. “तू गेल्यावर घरात काय उरेल ते मोजून बघ. मी, तुझा मामा, तुझी आई, सगळे माझ्यासारखे खोकणारे. आजोबा तीन आणि नात एकही नाही. हा हिशेब मला काही जमेना. म्हटलं, मीच मी नसलो तर अर्ज अडेल. अडला.”

तिला राग यायला हवा होता. तराजूचा फोटो डोळ्यांपुढे आला, त्या टिंबासकट. पण तिच्या मनात भलतंच आलं. “आमच्याकडे प्रमाण वजनाला कोणी बोट लावत नाही,” ती म्हणाली. “बोटाचा तेलकटपणा लागतो आणि ते खोटं होतं. चिमट्याने उचलतात. आम्ही तुम्हाला दोन महिने हाताळत बसलो.”

“चिमटा नको,” आजोबा म्हणाले.

“दुपारी मी काहीच करणार नाही. शिंका नाहीत, खोकला नाही. नापास झाले तर झाले. तुम्हाला अडवायचं असेल तर अडवा, पण परकं होऊन नका अडवू. मला ते बघवलं नाही.”

मामा चहा घेऊन आला, आणि तिने त्याच्या खिशातून तपकिरीची डबी काढून घेतली.

दुपारी ती हात मांडीवर ठेवून बसली. कारकून दोन्ही अंगठे तयार ठेवून बसला. दोन्ही आकडे शून्यावर होते.

“दुसऱ्या फेरीत मूळपुरुषाला एक प्रश्न असतो,” अधिकारीबाई म्हणाल्या. “वंशजाने इथून कायमचं जावं, याला आपली हरकत आहे का?”

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग ते खोकले. उजवीकडे टक झालं.

“तसं नाही,” ते म्हणाले. टक. “हरकत आहे. पोतंभर आहे. पण ती माझी मी सांभाळीन, तुमच्या तक्त्यात घालू नका. तिचं काम तिकडे आहे, तिला पाठवा. आणि ही खुर्ची कोणी दिली मला?” ते उठले आणि खुर्ची गदागदा हलवू लागले. टक. “सकाळपासून डुगडुगतेय. भिडेपोटी बसलो. एक पाय आखूड आहे हिचा.”

“आजोबा, आपण कृपया…”

“तो चौथा नियमही पहिल्याच्या विरुद्ध आहे. सकाळी पोरीने सांगितलं, तरी तसाच.” टक. त्यांनी खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली आणि पाय वितीने मोजू लागले. “हा बघा. अर्धं बोट कमी.”

ती गप्पच बसणार होती. पण वितीने मोजलेलं माप समोर जाहीर होत असताना गप्प बसणं तिच्या हाडात नव्हतं. ती घसा खाकरत उठली. डावीकडे टक झालं.

“तसं नाही, आजोबा. पाय चारही सारखे आहेत. फरशी खचलीय.” टक. तिने खुर्ची खाली घेतली, चार वेगवेगळ्या जागी ठेवून हलवली. टक. “इथे डुगडुगते, इथे नाही. बघा.”

“फरशी कशी खचेल? खाली पोकळ असेल तरच.”

“मग असेल पोकळ.”

दोघं गुडघ्यांवर बसली आणि एकाच वेळी जमिनीवर टकटक करून, एकाच बाजूला मान वाकडी करून ऐकू लागली. कारकुनाने दोन्ही अंगठे दाबले.

“पाइप आहे,” आजोबा म्हणाले.

“तसं नाही, गळका पाइप आहे,” ती म्हणाली.

“मी तेच म्हणणार होतो, मधे बोलू नकोस.”

“तुम्ही म्हणायला वेळ लावता.”

अधिकारीबाई आपली खुर्ची सरकवून दूर झाल्या, कारण दोघांना आता त्यांच्या टेबलाखाली जायचं होतं. कोणीतरी पाणी आणून ठेवलं. आजोबांनी पेला रिकामा केला, तिने दुसरा केला, आणि गार नसल्याबद्दल दोघांनी कारकुनाकडे एकदम बघितलं. सादृश्य विभागाच्या खाली पाण्याची मुख्य वाहिनी गळते आहे हे सिद्ध होईपर्यंत फेरीची वेळ संपली.

कारकुनाने यंत्रं टेबलावर ठेवली. दोन्ही हात झटकले आणि आकडे वाचले.

आजोबांचं आजोबांशी साम्य: वीसपैकी एकोणीस. नातीचं: वीसपैकी चौदा. किमान आवश्यक: चौदा.