पेंढ्याचा राब

मावळात जमीन ओसाड पडते असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. चार महिने इथं असा पाऊस कोसळतो की घोंगडी वाळत नाही, मग ओसाड कशानं? पण पाऊस पडणं वेगळं आणि मुरणं वेगळं. हिरड्याच्या डोंगरावर कोळशाच्या भट्ट्या लागल्या, पुण्याच्या शेगड्या पेटत राहिल्या, आणि ठेकेदार गाशा गुंडाळून गेले तेव्हा डोंगरावर हिरडा औषधालाही उरला नव्हता. झाडं गेली तशी माती गेली. मुरूम उघडा पडला. दिवाळीला ओढे वाहायचे आणि होळीला त्यातले गोटे तापायचे. लोकांनी मग डोंगराचं नाव बदलून बोडक्या ठेवलं. नावं ठेवण्यात आपण कुणाला हार जात नाही.

बोडक्याच्या पोटाशी ठाकरांची एक वाडी होती आणि वाडीच्या वर एक झरा. बायडाबाईचं सगळं आयुष्य त्या झऱ्यावर गेलं. लग्न होऊन आली तेव्हा तो बारमाही होता. नवरा वारला त्या साली तो चैत्रात आटू लागला, पुढं माघातच. मग वाडीतल्या बाया डोंगर उतरून सावरखेतच्या विहिरीवर जायच्या आणि भरला हंडा घेऊन पुन्हा चढायच्या. घरं एकेक करून मोडत गेली. कुणी लोणावळ्याला बंगल्यांवर माळीकामाला गेलं, कुणी रेल्वेच्या गँगवर.

बायडाबाईचा एकुलता एक मुलगा कोंडू, त्यालाही लोणावळ्याहून बोलावणं आलं होतं. बंगल्यावर खोली मिळणार होती, नळाचं पाणी मिळणार होतं. त्याची बायको चिंगी पोटुशी होती आणि तशीच हंडे वाहत होती.

"आई, तू बी चल," कोंडू म्हणाला.

"मी न्हाई येनार. तुझा बा हितं पुरलाय."

"मंग पानी कुठलं प्यायचं? त्यानं आनून द्यावं व्हय?"

असं बोलायचा तो. मनानं वाईट नव्हता, पण खरं तोंडावर फेकायची खोड होती. म्हातारीला राग आला आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण तो खरं बोलत होता.

त्याच हिवाळ्यात सावरखेतचे भिमाजी आबा स्वतः डोंगर चढून वाडीत आले. खालच्या गावातला वजनदार माणूस वाडीच्या अंगणात बसलेला तोवर कुणी पाहिला नव्हता. पण आबांच्याही गळ्याशी आलं होतं. बोडक्यावरून दर पावसाळ्यात मुरूम वाहून यायचा आणि सावरखेतची, शेजारच्या पळसवड्याची भातखाचरं भरून टाकायचा. आजोबांनी बांधलेल्या खाचरात आता कुळीथसुद्धा धड येत नव्हता. डोंगर वरच्यांचा आणि खाचरं खालच्यांची हे भांडण दोन पिढ्या चाललं होतं. आबांना उशिरा का होईना कळलं होतं की डोंगर मेला की सगळेच मेले.

बायडाबाईनं रिवाजाप्रमाणं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. वाडीत आलेल्याला पाणी दिल्याशिवाय बोलायचं नसतं. वैरी असला तरी.

भैरोबाच्या देवळात तिन्ही ठिकाणची माणसं जमली. पाच वर्षं डोंगर बंद ठेवायचा. वाडीनं शेळ्या विकायच्या, वरच्या उतारावरची नाचणी सोडून वाडीलगतच्या तुकड्यांवर भागवायचं, झाडाला कुऱ्हाड तर राहोच, हातसुद्धा लावायचा नाही. खालच्या दोन गावांनी डोंगरभर आडवे चर खणायचे आणि रोपं लावायची. राहिला राबाचा प्रश्न. भाताच्या, नाचणीच्या रोपासाठी वैशाखात जमिनीचा तुकडा भाजावा लागतो. त्यावर शेण, झाडाचे टहाळ आणि पाला अंथरायचा, वरून माती पसरायची आणि पेटवायचं. टहाळ तोडायची बंदी, मग वाडीनं राब कशावर भाजायचा?

"त्ये आमच्याकडं लागलं," आबा म्हणाले. "राबाला लागंल त्ये आमी वर पोचवू. गाड्या भरून."

सगळ्यांनी बेलभंडारा उचलला. बायडाबाईनंही उचलला. बेलभंडारा उचलला म्हणजे पोटचं पोर मेलं तरी शब्द फिरवायचा नाही, असं ती मानत होती. खालचे किती मानत होते ते भैरोबाला ठाऊक.

घरी आल्यावर कोंडू म्हणाला, "बगू. वैशाखात झऱ्याला पानी ऱ्हायलं तर मी हितनं हालनार न्हाई. न्हाई ऱ्हायलं तर तू मला अडवायचं न्हाई."

"एकाच वैशाखात कसं ऱ्हाईल रं?"

"तीन वैशाख देतो."

म्हातारीनं हे बोलणं बेलभंडाऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवलं.

काम झालं, हे कबूल केलं पाहिजे. सावरखेतची पोरंठोरं, पळसवड्याच्या बाया, वाडीचे उरलेसुरले लोक यांनी मिळून डोंगराला चरांच्या रेघा मारल्या. भाषणं झाली, हार झाले, तळेगावहून कुणी साहेब येऊन फोटो काढून गेले. त्यात वाडीतलं कुणी दिसत नव्हतं, पण ते सोडा. पहिल्या वर्षी गवत आलं. दुसऱ्या वर्षी ते कमरेला लागलं आणि त्यातून हिरड्याची, ऐनाची, जांभळीची रोपं डोकं काढू लागली. झऱ्यानं फाल्गुन गाठला, मग चैत्र. वाडीनं शेळ्या विकून दूध सोडलं होतं आणि नाचणी सोडून पोटं आवळली होती, पण झाडाचं पान कुणी तोडलं नाही. चिंगीला मुलगी झाली. तिला झोळी बांधायला फांदी हवी होती, तर चिंगीनं झोळी घराच्या आढ्याला बांधली.

पहिली दोन वर्षं खालून गोवऱ्या आणि आमराईतला पाला आला. राब नीट भाजले. तिसऱ्या वर्षी आमराईत पाला कमी पडला. गोवऱ्या विकल्या गेल्या होत्या. मग गावानं पेंढा पाठवला. अवकाळीत भिजून काळा पडलेला, गुरांनी तोंड न लावलेला. तरी गाड्या वाजतगाजत आल्या, बैलांच्या शिंगांना रंग होता.

"पेंढा?" कोंडूनं विचारलं.

"आमी खाली पेंढ्यावरच भाजतो की," आबा म्हणाले. "रोपं काय वाईट येत्यात व्हय?"

ते खोटं नव्हतं. खाली, बांधाच्या आत, सपाट खाचरात पेंढ्यावर राब चांगला भाजतो. आणि वर, उतारावर, टहाळावर चांगला भाजतो. दोघांनाही आपापलं येत होतं. उतारावर पेंढा जाळल्यावर काय होतं हे ना सावरखेतला माहीत होतं ना वाडीला. तशी पाळीच कधी आली नव्हती.

त्या वैशाखात झऱ्याला पाणी होतं. करंगळीएवढी धार, पण धार. बायडाबाई रोज पहाटे जाऊन बघून यायची आणि कुणाला बोलायची नाही, दृष्ट लागेल म्हणून. शेवटी कोंडूच एक दिवस ओल्या तोंडानं, ओल्या केसांनी घरी आला.

"आई, लोनावळ्याला सांगावा धाडला. म्हनलं येत न्हाई."

म्हातारी चुलीशी जाऊन उगाच लाकूड पुढं सारत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुरानं येतंय असं चिंगीला वाटावं म्हणून. इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

वाडीचा पहिला राब वाडीतल्या थोरल्या बाईनं पेटवायचा, ही तिथली रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला बघून बायडाबाईनं काडी लावली. टहाळावर माती टाकली की ती धरून राहते आणि आत आग गोगलगाईसारखी चालते. पेंढ्यानं माती धरली नाही. ती खाली झिरपली आणि ओलसर पेंढा नुसताच धुमसत राहिला. दुपार झाली तरी धुमसत होता. आणि दुपारी दरीतला वारा डोंगर चढू लागतो, तो चढला. पेंढा एकदम भडकला आणि त्याच्या जळत्या काड्या उचलून वाऱ्यानं वर नेल्या.

वर तीन वर्षांचं गवत उभं होतं. वाळलेलं, न कापलेलं, न चारलेलं, सगळ्यांनी मिळून राखलेलं.

पहिली जाळी पेटली तेव्हा आग अंगणाएवढीच होती. हिरव्या टहाळांनी झोडपली असती तर विझली असती. वाडीत लहान पोरालाही ते माहीत होतं. कोंडू ओरडला, "टहाळ तोडा! टहाळ घ्या!" माणसं हिरड्याच्या रोपांपाशी धावली. आणि थांबली. कुणाचाही हात वर होईना. तीन वर्षं ज्याला बोट लावलं नव्हतं, ज्यासाठी बेलभंडारा उचलला होता, ते मोडायचं कसं? वाडीतला येसू म्हातारा तर दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभा राहिला, देवासमोर उभा असल्यासारखा. बायका हंडे घेऊन झऱ्याकडं पळाल्या, करंगळीएवढ्या धारेखाली हंडे धरायला. बायडाबाईनं आपली घोंगडी आगीवर घातली. ती पेटली.

मग कोंडूनं एकट्यानंच एक रोप उपटलं. पण तोवर आग चर ओलांडून गेली होती.

डोंगर संध्याकाळपर्यंत जळला. खालून सावरखेतची, पळसवड्याची माणसं आली ती खरोखर धावत आली होती, त्यांचेही पाय पोळले. पण दुसऱ्या दिवशी देवळात बसल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं.

"वाडीनं डोंगर जाळला."

"पेंढा तुमचा व्हता," कोंडू म्हणाला.

"आन् काडी कुनाची व्हती?"

काडी कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. भिमाजी आबा खाली मान घालून बसले. त्या एका दिवशी त्यांनी तोंड उघडायला हवं होतं, आणि तेवढंच त्यांना जमलं नाही. बंदी उठली. आषाढात जळक्या डोंगरावर कोवळं गवत फुटलं तेव्हा दोन्ही गावांची गुरं एकदमच वर आली. ती गवताबरोबर मुळंही उपटत होती. राख, माती, मुरूम मिळून सगळे चर भरून गेले आणि उरलेलं नेहमीच्या वाटेनं खाचरांत उतरलं.

कोंडूनं आईला एका शब्दानं दुखवलं नाही. तो शिव्या देता तर तिला बरं वाटलं असतं. दसरा झाल्यावर त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं, चिंगीच्या डोक्यावर गाठोडं दिलं.

"चल, आई."

"तू हो म्होरं."

"तुज्यामुळं न्हाई जात मी. खरंच."

"म्हाईत हाय रं."

पण तिला ते माहीत नव्हतं. ती रोज ती काडी पुन्हा लावत होती, मनात. थोडं आधी लावली असती तर, थोडी माती जास्त टाकली असती तर.

पुढच्या वैशाखात भिमाजी आबा एकटेच बैलगाडी घेऊन वर आले. गाडीत गोवऱ्या होत्या, चांगल्या, कोरड्या. पाच वर्षांचा बेलभंडारा होता आणि गाव विसरलं तरी त्यांना रात्री झोप लागत नव्हती. चढणीनं बैलांच्या तोंडाला फेस आला होता आणि आबांच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

वाडीत दारं होती, माणसं नव्हती. येसू म्हातारा शिमग्यातच वारला होता. एकट्या बायडाबाईच्या अंगणात सारवण दिसत होतं.

"राबाच्या गोवऱ्या आनल्यात," आबा म्हणाले.

"राब कोन भाजनार, आबा?"

आबा अंगणात टेकले. दारातलं बोलणं दारात झालं, पण टेकल्यावर पाणी दिल्याशिवाय बोलायचं नसतं. बायडाबाई उठून आत गेली. बराच वेळ आत भांड्यांचा आवाज येत राहिला, एक पालथं करून दुसरं बघितल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता, पण तो तिनं पुढं केला नाही.

"आबा, पानी न्हाई वो घरात," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या दारातून कुणी कोरडं जात होतं. "झरा पौषातच गेला. काल खाली उतरवलं न्हाई मला."

"ऱ्हाऊ द्या. मला न्हाई तहान."

ती दारातच उभी राहिली. मग आत जाऊन तिनं चुलीवर पालथं घमेलं टाकलं, दार ओढून घेतलं आणि गाडीपाशी आली. आबांनी तिला हात दिला. ती गोवऱ्यांवर बसली, मांडीवर रिकामा तांब्या घेऊन. गाडी बोडक्याच्या उतारावरून निघाली. झऱ्याची जागा आली तेव्हा तिनं तिकडं पाहिलं नाही.

"तुमच्या इहिरीला हाय का पानी?" तिनं विचारलं.

"हाय अजून. तळाला."

"मंग खाली गेलो की तुमाला पाजते," बायडाबाई म्हणाली.