मंगळवारचा फोन

अकोसुआने टोपलीतून आपला दगड काढला आणि रांगेत एका फुटक्या बादलीच्या मागे ठेवून दिला. दगड घरच्या चुलीतला होता, एका बाजूने काळाठिक्कर. टेचिमान शहरातल्या फोन कंपनीच्या कचेरीपुढे पहाटेपासून अशीच रांग लागली होती: दगड, विटा, एक चप्पल, कुणाचं तरी बायबल. माणसं समोरच्या झाडाच्या सावलीत बसून आपापल्या दगडावर डोळा ठेवून होती.

"हा काळा दगड कुणाचा?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माझा. का?"

"मघाशी नव्हता तो इथे."

"मघाशी चुलीत होता, बाबा. आंबील शिजवत होता. आज त्याला सुट्टी दिली."

झाडाखाली हशा पिकला. अकोसुआ मात्र हसली नाही. तिने कमरेच्या कापडाची गाठ सोडून फोन बाहेर काढला. जुना, बटणांचा फोन. आमच्याकडची पोरं असल्या फोनला कंद म्हणून हिणवतात. स्क्रीन उजळलेली दिसली तसा तिने तो परत गाठीत बांधला. तासाभरात हे तिचं दहाव्यांदा झालं असेल.

सरकारचा नियम निघाला होता, की ज्याच्या त्याच्या नंबराला ज्याचं त्याचं ओळखपत्र जोडायचं. जोडला नाही तो नंबर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता बंद. आणि बंद पडलेला नंबर कंपनी वाया थोडाच घालवते? सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. आज सोमवार होता.

अकोसुआला त्या दुसऱ्या कुणाची भीती जास्त होती. तिचा मुलगा ओबिरी पाच वर्षांपूर्वी उत्तरेला गेला, वाळवंट ओलांडून लिबियाला आणि जमलं तर समुद्रापलीकडे. जाताना त्याने स्वतःचं सिमकार्ड काढून आईच्या फोनात घातलं. "हा एकच नंबर मला तोंडपाठ आहे, आई. बंद पडू देऊ नकोस." वाळवंटाच्या काठावरच्या आगादेझहून त्याचा एकदा फोन आला, नऊ मे रोजी, उद्या ट्रक निघणार म्हणून सांगायला. त्यानंतर काही नाही. कुठे तुरुंगात असेल, कुठे कुणाच्या शेतावर राबत असेल; पण ज्या दिवशी हातात फोन येईल त्या दिवशी तो हाच नंबर फिरवणार. आणि तेव्हा पलीकडून कुणी परकी बाई विचारणार, कोण पाहिजे?

दुपारी दोनला तिच्या दगडाची पाळी आली. खिडकीमागे व्हिडा नावाची मुलगी बसली होती, नखांना निळा रंग लावलेली आणि सकाळपासून तेच ते बोलून घसा बसलेली. तिने नंबर टाइप केला, ओळखपत्र पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"मावशी, हा नंबर तुमच्या नावावर नाही."

"मुलाच्या नावावर आहे. मुलगा माझाच आहे."

"मग मुलाला पाठवा."

"तो बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे कुमासीला?"

"बाहेर म्हणजे बाहेर, पोरी."

व्हिडाला कळलं. आमच्या भागात हे कळायला वेळ लागत नाही. दर तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी असं बाहेर आहे.

"त्यांच्या अंगठ्याशिवाय मला काही करता येणार नाही. सरकारचा नियम आहे."

"सरकारच्या माणसाकडे गेले होते मी गुरुवारी. तो म्हणतो, नंबर कंपनीचा आहे, कंपनीला विचारा."

"ते तसंच म्हणणार."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी सगळी गत. अकोसुआ खिडकीचा कठडा धरून उभीच राहिली. मागची माणसं कुरकुरू लागली. व्हिडाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक वाट आहे. मालक वारला असेल तर नंबर आईच्या नावावर होतो. कुळाच्या प्रमुखाचं पत्र आणि त्यावर कोर्टातला शपथेचा शिक्का. मग अंगठा तुमचा चालतो."

"तो वारलेला नाही."

"मी कुठे म्हटलं वारला म्हणून? कागदाने म्हटलं की झालं. पुष्कळ लोक आणतात, मावशी."

"तुझ्या तोंडात माती पडो," अकोसुआ म्हणाली. बाहेर येऊन ती तीनदा थुंकली, दगड टोपलीत टाकला आणि गावच्या गाडीत जाऊन बसली. पण टानोसोच्या फाट्यावर उतरल्यावर तिचे पाय आपल्या घराकडे वळले नाहीत.

कुळाचे प्रमुख म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ, बादू मास्तर. आमच्यात मूल आईच्या कुळाचं, त्यामुळे बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. ओबिरीच्या नावे काही लिहायचं तर ते मास्तरांनीच. त्यांचं घर अकोसुआच्या घरापासून शंभर पावलांवर होतं, तरीही दर मंगळवारी दुपारी ते तिला फोन करत. नव्वद दिवस नंबरावर फोन आला-गेला नाही तर कंपनी तो काढून घेते, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. आणि ओबिरी मंगळवारचा जन्मलेला, म्हणून मंगळवार.

"फोन चालू आहे का?" ते विचारत.

"बंद असता तर उचलला असता का, दादा?"

बोलणं एवढंच. हे सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी हेच मास्तर त्या फोनपायी तिला टोचून बोलत, पोराला आईची आठवण असती तर एव्हाना त्याने आकाशपाताळ एक केलं असतं म्हणत. माणूस म्हातारपणी मवाळ होतो, अशी तिने समजूत करून घेतली होती. त्याच सुमाराला, ईस्टरच्या आठवड्यात, मास्तरांनी डोकं तुळतुळीत भादरून घेतलं होतं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, उष्णतेने खाज सुटली आहे. गावातली पोरं महिनाभर त्यांना नारळ म्हणत होती.

मास्तर पायरीवर बसून कोंबड्यांना मका टाकत होते. अकोसुआने सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघता निघेना.

"खोटा कागद हवा आहे, दादा. आई असून मागते आहे, देव मला क्षमा करो. पण उद्या पाचनंतर नंबर जाईल."

मास्तरांच्या मुठीतला मका तसाच राहिला. कोंबड्या त्यांच्या पायांशी घुटमळत होत्या.

"गेला तर गेला, असं नाही का म्हणवत तुला?"

"नाही म्हणवत."

"पाच वर्षं झाली, अकोसुआ."

"पन्नास होऊ देत. तुला लिहायचं नसेल तर तसं सांग. मी दुसरं कुणी बघते."

मास्तरांनी मूठ उघडली. आत जाऊन चष्मा लावला, कागद घेतला आणि वर्गात बसावं तसे ताठ बसून इंग्रजीत लिहायला लागले. अकोसुआला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकून त्यांचा हात चालताना बघत राहिली.

"तारीख कुठलीही घाल," ती म्हणाली. "फक्त मंगळवार नको."

मास्तरांनी मान हलवली. पेन एकदाही थांबलं नाही. कुळाचा शिक्का उठवून त्यांनी कागदाची घडी तिच्या हातात दिली, मग पेलाभर पाणी घेऊन उंबऱ्याबाहेर गेले. पाणी थोडं थोडं जमिनीवर ओतत ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. त्यात ओबिरीचं नाव तिला ऐकू आलं. खोटं लिहिलं म्हणून पूर्वजांची माफी मागत असतील, असं तिला वाटलं, आणि जरा हलकं वाटलं. पाप दोघांत वाटलं गेलं होतं.

मंगळवारी सकाळी कोर्टाबाहेरच्या कारकुनाने कागद उलगडलासुद्धा नाही.

"काय आहे?"

"मुलगा."

"बरं," तो म्हणाला, आणि ठप्पकन शिक्का मारला.

मग पुन्हा ती रांग. शेवटचा दिवस, त्यामुळे दगडांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बाराला वीज गेली. दीडला आली तर मशीन अडून बसलं. तीनला कुणीतरी अकोसुआचा दगड पायाने बाजूला सारला, तेव्हा तिने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की पहारेकऱ्याने स्वतः तो उचलून जागेवर ठेवला. चारनंतर तिने सावलीत बसणं सोडलं आणि दगडाच्या शेजारी उन्हात उभी राहिली. घड्याळ खिडकीच्या वर होतं. त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून ती पाहत होती.

खिडकीशी पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते.

"आणलात ना कागद? बरं केलंत," व्हिडा म्हणाली. "आता मी वाचते एकेक ओळ, तुम्ही फक्त बरोबर म्हणायचं. तसा नियम आहे. मृताचं नाव, क्वाबेना ओबिरी."

"बरोबर." हा शब्द म्हणायचा सराव अकोसुआने गाडीत केला होता.

"मृत्यूची तारीख, तेरा मे," आणि व्हिडाने पाच वर्षांपूर्वीचं साल वाचलं.

नऊ तारखेला फोन आला होता. दहाला ट्रक निघणार होता. दादाने विचार करूनच तारीख घातली असणार, सगळं जुळावं म्हणून. मास्तरच ते.

"मावशी?"

"बरोबर."

"ठिकाण, दिर्कूच्या पुढे, दुसऱ्या विहिरीपाशी. तिथेच बाभळीखाली पुरलं, सोबतच्या चौघांनी. त्यातला एक जण परत आला, त्याने निरोप आणला." व्हिडाची बोटं थांबली. ती वर बघून हसली. "छान लिहिलंय हं तुमच्या प्रमुखांनी. बाकीचे नुसतं तापाने वारला म्हणून आणतात. हे अगदी खऱ्यासारखं वाटतं."

अकोसुआला खिडकी दिसेनाशी झाली. दादाचा हात दिसत राहिला, कागदावरून न थांबता चालणारा. दुसरी विहीर. पहिली का नाही? खोटं लिहिणारा माणूस विहिरी मोजत बसत नाही. ईस्टरच्या आठवड्यातलं ते तुळतुळीत डोकं तिला आठवलं, आणि त्यानंतरचे सगळे मंगळवार आठवले. तिने कठडा दोन्ही हातांनी आवळून धरला.

"मावशी, दहाच मिनिटं उरलीत. बरोबर ना?"

खोटं आहे म्हणावं, कागद ओढून घ्यावा, टराटरा फाडावा, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आटपा हो!"

"बरोबर," अकोसुआ म्हणाली.

"अंगठा ठेवा. हलवू नका."

"नाही हलवत."

"हलतोय, मावशी." व्हिडाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिचा अंगठा काचेवर दाबून धरला. हिरवा दिवा लागला. "झालं. नंबर तुमचा. आता कुणी काढून घेणार नाही. फक्त नव्वद दिवसांत एखादा तरी फोन येत-जात राहिला पाहिजे."

"येतो," अकोसुआ म्हणाली.

रांगेतला दगड उचलायचं ती विसरली. कचेरीच्या कुंपणाला लागून एका न्हाव्याची टपरी होती. ती आत शिरली आणि खुर्चीत बसून डोक्यावरचं फडकं सोडलं.

"सगळे काढ."

न्हाव्याने हातातली कात्री खाली ठेवली. तिच्या वयाच्या बाईचं डोकं कशासाठी भादरतात ते त्याला सांगायला नको होतं. "कुणी गेलं का, आई?" त्याने हळूच विचारलं.

"उष्णतेने खाज सुटली आहे," अकोसुआ म्हणाली.

अर्धं डोकं झालं होतं तेव्हा मांडीवरचा फोन वाजला. एरवी दुपारी येणारा फोन आज पाच वाजून गेल्यावर आला होता. न्हाव्याने वस्तरा बाजूला धरला.

"फोन चालू आहे का?" मास्तरांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

नेहमीचं उत्तर तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"चालू आहे, दादा."

"बरं."

"पुढच्या मंगळवारीही कर," ती म्हणाली, आणि उरलेले केस काढायला तिने न्हाव्यापुढे मान वाकवली.