न चाखलेलं पाणी

दिवाकरने अंथरूण धरलं त्या दिवसापासून मालनने नेम धरला. पहाटे बावखलात उतरायचं, पाच तांबे तुळशीला घालायचे, मगच स्वतः घोटभर पाणी प्यायचं. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. देवाला तिथलंच पाणी, असं सासूने सांगून ठेवलेलं. पिण्याचं पाणी मात्र शेजारच्या फ्रेडरिक मास्तरांच्या विहिरीवरून यायचं.

जन्मभर इंग्रजी शिकवलेले मास्तर रोज दोस्ताच्या उशाशी येऊन बसत.

"काय मालनवहिनी, तुळशीला बुडवून मारणार काय?"

"तुमच्या गॉडला पाणी लागत नाही, म्हणून बोलता."

"लागतं तर! हा शब्दच म्हणे तिथून आला. काही पंडित म्हणतात, गॉड म्हणजे ज्याच्यासाठी ओततात तो. आपल्या 'आहुती' शब्दाचा भाऊबंद. काही म्हणतात, ज्याला हाक मारतात तो."

"म्हणजे तुझा देव आमच्याच भावकीतला," दिवाकर खाटेवरून हसला. "आता वाटणी मागायला येईल."

मालनच्या मनात मात्र 'ओततात' तेवढंच राहिलं.

माघ सरता सरता तुळशीची पानं कडेने करपली. डॉक्टरांनी हात टेकले होतेच. तुळस गेली की हे जाणार, असं तिच्या मनाने घेतलं. पाचाचे अकरा तांबे झाले. तुळस आणखीच काळवंडली.

एका सकाळी दिवाकरला घरघर लागली. मालनने वृंदावनाजवळचा भरला तांब्या उचलला, पळीभर पाणी त्याच्या ओठांत सोडलं. त्याचं तोंड वाकडं झालं.

"खारं," तो पुटपुटला. "खारं आहे गं."

तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खाडीचंच पाणी. टँकरवाले पंप लावून गोडं पाणी उपसतात नि खाडी आत शिरते, हे गिरीज गावात सगळेच बोलत. आपलं बावखल तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि देवाचं पाणी आधी चाखायचं नसतं, उष्टं होतं. तिने एकदाही चाखलं नव्हतं.

ती मास्तरांच्या विहिरीकडे धावली. गोडं पाणी घेऊन आली तेव्हा घरघर थांबली होती.

बत्तीस वर्षांत तिने उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"दिवाकर," ती म्हणाली. मग मोठ्याने, "दिवाकर!"

बाहेर कुणाच्या तरी वाडीत पंप चालूच होता.