न मोजलेला धागा

...कागदी चौकटीवर ताणलेला तो केसाहून बारीक कार्बनचा धागा अगदी मधोमध तुटला होता. भिंगाखाली दोन्ही टोकं स्वच्छ दिसत होती, यंत्राच्या पकडीपासून चांगली लांब, आणि तरी साहेब तिच्या खांद्यामागून म्हणाले, "पकडीत तुटला म्हणा नि सोडून द्या." पकडीत तुटलेला धागा मोजायचा नाही, हा प्रयोगशाळेचा रिवाजच, कारण दोष पकडीचा असतो, पण हल्ली लवकर तुटणारा प्रत्येक धागा साहेबांना पकडीतच तुटलेला दिसे. सरासरी मग कशी गुटगुटीत! आणि याच धाग्यांचे वेढे गॅसच्या टाक्यांना बसणार, त्या टाक्या कुणाच्या तरी गाडीत, मागे बसलेल्या पोरांच्या पाठीशी... टाकीला काय ठाऊक, कुठला धागा आपण मोजलाच नाही?

एकाच भट्टीतून आलेले, एकाच रिळावरचे धागे. एक ताण सोसतो, दुसरा अर्ध्यातच जातो. डोळ्यांना न दिसणारी चीर असते कुठेतरी, बस्स. तिचा दादाही तसाच — परीक्षेच्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले, नि खोलीचं दार लावून बसला तो बसलाच. आता लांबच्या एका मनोरुग्णांच्या संस्थेत असतो. आज सकाळी नव्या शेजारणीने विचारलं, "मुलं किती हो तुम्हाला?" आई हसून म्हणाली, "एकच. ही मुलगी." आणि ही मुलगी तोंडात मिठाची गुळणी धरून कप विसळत राहिली.

एकच! लाज वाटली, संतापही आला. एकाच आईच्या पोटचे आम्ही. ती चीर माझ्यातही असेल... म्हणून तर गप्प बसले मी. निदान मला तरी मोजावं म्हणून.

"सर, हा मधे तुटलाय. मी मोजणार."

"एका धाग्यानं काय आभाळ कोसळतंय, मॅडम? वरून विचारणा झाली तर तुम्ही उत्तर देणार?"

"देईन की. मीच तोडलाय."

साहेब दारापाशी जाऊन थांबले. "उद्या बघू," म्हणाले, पण गेले नाहीत.

बघा. फार तर या खुर्चीत उद्या दुसरं कुणी बसेल. तिने आकडा नोंदवला, चिमट्याने पुढचा धागा उचलला, तर हात थरथरत होता. इतकी वर्षं हात असा थरथरला की ती तो चटकन खिशात घालायची, घरात कुणी 'भावावर गेली' म्हणू नये म्हणून. आज तिने तो साहेबांच्या देखत दिव्याखाली तसाच धरला.

गेली असेन भावावर. मग?