चार बोटं जास्त

मी मोटारीचा सायलेन्सर बोलतोय. दचकू नका. इंजिनाचा आरडाओरडा पोटात घालायचा, धूर मागच्या मागे नेऊन सोडायचा आणि आपण गप्प राहायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. पण एकदा बोलायला हवं होतं तेव्हाही मी गप्प राहिलो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा गोल वळवला, नळी ठरलेल्या जागी वाकवली, टांगायला कड्या जोडल्या आणि मला एका मोठ्या इंजिनाच्या गाडीखाली बसवलं. गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई गाडी आरशासारखी लख्ख ठेवायच्या, पण सहा वर्षांत त्यांनी एकदाही वाकून माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही. पोटात काय चाललंय हे माणसं स्वतःचंही बघत नाहीत, दुखल्याशिवाय.

मग गाडी पुढून ठोकली गेली. मी मागे होतो म्हणून वाचलो आणि जुन्या सुट्या भागांच्या गोदामात मांडणीवर जाऊन पडलो. शेजारी दुसरा एक सायलेन्सर होता. गाडीचं नाव तेच, पण इंजिन लहान, म्हणून तो माझ्यापेक्षा आखूड. आमचं बरं जमायचं.

तिथे एक दिवस शिंपीकाका आले. गळ्यात टेप, खिशात मापांची वही.

"चासी नंबर आणलाय?" गोदामवाल्याने विचारलं. "या गाडीत दोन प्रकारची इंजिनं आली. नाव एक, सायलेन्सर वेगळे. नाहीतर असं करा, गाडीच घेऊन या. खाली धरून बघू."

"गाडी कशाला? माप आणलंय की," काका म्हणाले. "चाळीस वर्षं मापंच घेतोय मी."

त्यांच्या जुन्या सायलेन्सरचे गंजून दोन तुकडे झाले होते. काकांनी ते तुकडे फरशीवर ओळीने मांडले आणि कापड मोजावं तसे मोजले. लांबी लिहिली, घेर लिहिला. नळी कुठे वर वळते, कड्या कोणत्या अंगाला आहेत, हे लिहिलंच नाही. कापडाला वळण अंगावर गेल्यावर येतं. आम्हाला ते जन्मापासून असतं, आणि ते कात्रीने बदलत नाही.

त्यांनी आम्हा दोघांवर टेप धरली. शेजारचा मापाला बरोबर उतरला. मी चार बोटं जास्त भरलो. काका खूश झाले आणि त्यांनी मला उचललं.

"माया सोडलेली बरी. जास्तीचं कापता येतं, कमी पडलं तर काय करणार?"

"एकदा कापलात की परत घेणार नाही," गोदामवाला म्हणाला. त्याने आपलं काम केलं होतं. मला मात्र तेव्हाच कळलं होतं, की काकांच्या गाडीचा खरा सोबती मांडणीवरच राहिलाय.

घाई कशाची होती, ते मला काकांच्या अंगणात कळलं. काकांना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या आक्काने, मोठ्या बहिणीने. ती दूरच्या गावी एकटी राहायची. तिचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यात महिनाभराची नजर उरलीय असं डॉक्टर म्हणाले होते. "दिसतंय तोवर तुझं नवं घर एकदा बघून घेते," एवढंच तिने मागितलं होतं. गाडीही तिचीच. चालवणं झेपेना तेव्हा तिने ती भावाला दिली होती.

"टॅक्सी करा आणि घेऊन या त्यांना," काकू म्हणत होत्या.

"तिने मला गाडी दिली, आणि मी तिला भाड्याच्या गाडीतून आणू?"

मिस्त्रीने मला गाडीखाली धरलं आणि मान हलवली. "काका, हा या गाडीचा नाही. वाक मागे पडतोय."

"काप आणि बसव. तारेने बांध."

चार बोटं कापून त्याने मला डाग देऊन जोडलं, तारेने बांधलं. "जवळपास फिरा. लांब नेऊ नका," असंही बजावलं. काकांनी दुसऱ्याच दिवशी मागच्या सीटवर आक्कासाठी उशी ठेवली आणि काकूंना घेऊन ते निघाले.

निम्म्या वाटेत एका खड्ड्यात तार तुटली. मागच्या चाकांचा आस माझ्या नळीवर आदळला, जोड उकलला, धूर आत शिरला. काकूंना घेरी आली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. गाडी ओढून परत आणली.

"आता तरी टॅक्सी," काकू म्हणाल्या.

"आठ दिवसांत बरोबरचा बसवतो. तिच्याच गाडीतून आणीन." त्यांनी आक्काला फोन केला. पलीकडून ती हसत म्हणाली, "सावकाश ये रे. मी कुठे पळून जातेय?"

ती कुठे जाणार नव्हती. जात होती ती नजर.

या खेपेला काका चासी नंबर घेऊन गोदामात गेले. शेजारचा विकला गेला होता. दुसरा बरोबरचा मिळून बसेपर्यंत आठ दिवसांचे पाच आठवडे झाले.

काल आक्का आली, तिच्याच गाडीतून. मी मागच्या दाराशी पडलोय, तिथून खिडकी दिसते. ती भिंती चाचपत आली. तिच्यासाठी शिवलेल्या पडद्याची किनार तिने बोटांनी पाहिली.

"टीप सरळ आहे हो. रंग कोणता घेतलास?"

"मोरपंखी. तुला आवडतो तो."

"छान दिसत असेल," आक्का म्हणाली.

काका उठून बाहेर आले आणि माझ्यापाशी बसले. गळ्यातली टेप काढून ठेवली आणि माझ्या वाकावरून नुसता हात फिरवत राहिले. मला म्हणायचं होतं, चूक तुमच्या एकट्याची नाही. पण सवय वाईट, गप्पच राहिलो.

उद्या भंगारवाला मला नेईल. जाण्याआधी एवढंच सांगतो. जुनं सामान जरूर घ्या, आमच्यात अजून जीव असतो. पण नंबर जुळवा, गाडीखाली वाकून वळण बघा, कड्या बघा, मिस्त्री मान हलवतो तेव्हा ऐका. आणि तिकडे कोणी तुमची वाट बघत असेल, तर माझ्यासारख्यासाठी थांबू नका. मिळेल त्या गाडीने जा.